घुंगरं काढायला मी सांगितलं

दिवाळी अंकासाठी शिबिरांतल्या गमती लिहून द्या, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी त्यांना उलट कळवलं, की गमती पुष्कळ आहेत, पण त्यांतली सर्वांत जास्त वेळा सांगितलेली गंमत खोटी आहे. ती दुरुस्त करून छापणार असाल तर लिहितो. त्यांनी हो म्हटलं. मग मात्र दोन महिने माझा हात कागदाला लागेना.

मी मालवणच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होतो. नाताळच्या सुटीत आणि शिमग्याच्या आगेमागे एका संस्थेसाठी निसर्ग शिबिरं घ्यायचो. तंबू, ताडपत्र्या, टोप आणि माणसं टेम्पोत घालून कधी मसुऱ्याच्या खाडीकाठी, कधी धामापूरच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, आणि बहुतेक वेळा पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. समुद्राकाठच्या आम्हा लोकांना डोंगराचं भारी अप्रूप. माझी बायको लूसी म्हणायची, घरात वाळू येते म्हणून कुरकुर करणारा माणूस जंगलात मातीत झोपायला पैसे घेऊन जातो.

शिबिर म्हणजे तंबू आणि शेकोटी, असं लोकांना वाटतं. खरं काम जागा निवडण्याचं असतं. सावली चांगली, पाणी जवळ, जमीन सपाट, अशी जागा दिसली की नवखा माणूस तिथेच मेख ठोकतो. पण जी जागा आपल्याला चांगली वाटते ती जनावरांनाही वाटलेली असते, आणि ती आपल्या कितीतरी आधीपासून तिथे येत असतात. म्हणून आधी जमिनीकडे बघायचं. गवत एका रेषेत दबलेलं असेल तर ती वाट आहे. विष्ठा दिसली तर काडीने उकलायची. गव्याची शेणासारखी असते. अस्वलाच्या विष्ठेत मोसमाप्रमाणे उंबराच्या बिया, काजूच्या बोंडांचा चोथा आणि भुंग्यांचे चमकणारे पंख असतात. स्वयंपाकाची जागा तंबूंपासून लांब. खरकटं पुरायचं. वासाचं तेल आणि साबण घरी ठेवून यायचं. एका बाईंनी चमेलीचं तेल लपवून आणलं आणि रात्रभर मुंग्यांशी झगडल्या. सकाळी त्या केस न विंचरता देवळापर्यंत चालत गेल्या आणि पाहुण्यांपैकी कुणीही हसलं नाही, कारण सगळ्यांच्याच उशाला काही ना काही होतं.

हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही. भिवाने शिकवलं. भिवा त्या पायथ्याच्या गावचा शेतकरी. भात आणि काजू. अकरा वर्षं तो आमचा वाटाड्या होता. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, सातवीपर्यंत शिकलेला, बोलायला कमी. चालताना त्याच्या हातात घुंगुरकाठी असायची. वेताची लांब काठी आणि वरच्या टोकाला पितळी घुंगरांचा झुबका. दर पावलाला ती जमिनीवर टेकायची आणि छम् वाजायची. कोकणात जुने लोक शेताच्या बांधावरून चालताना अशी काठी बाळगायचे, सापकिरडू बाजूला व्हावं म्हणून. भिवाने ती सोडली नव्हती.

पहिल्याच वर्षी मी तंबूची एक मेख रोयणीजवळ ठोकली होती. रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ. आमच्या जिल्ह्यात सातेरी देवीची पूजा रोयणीच्याच रूपात होते. भिवाने मेख उपटली आणि वीस पावलं लांब नेऊन ठोकली. मी कारण विचारलं. तो म्हणाला, थय देवी ऱ्हवता, आणि तिच्याकडे येणारोय एक आसा. दुसऱ्या दिवशी पुढच्या रोयणीवर त्याने मला त्या येणाऱ्याच्या नखांच्या खुणा दाखवल्या. कोळप्याने ओढावं तशा चार-पाच समांतर चरी, कोपरभर खोल. अस्वल रोयण फोडतं, आत फुंकर मारून धूळ उडवतं आणि मग ओठांचा चंबू करून वाळवी ओढून घेतं. तो आवाज शंभर पावलांवरून ऐकू येतो. कुणी मोठा माणूस बशीतून चहा भुरकत बसला आहे असं वाटतं.

त्या अकरा वर्षांत मी जे पाहिलं त्याचं मोल मला तेव्हाही कळत होतं. एकदा पहाटे फटफटल्यावर मी तंबूची चेन थोडी उघडली, आणि बाहेर भिंत होती. ती भिंत श्वास घेत होती. गव्यांचा कळप आमच्या तंबूंमधून चालला होता. एकेका गव्याची पाठ तंबूच्या वर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि एवढ्या मोठ्या देहांचा आवाज म्हणाल तर गवत उपटल्याचा आणि नाकातून हवा सोडल्याचा. त्यांनी एकाही दोराला पाय लावला नाही. सगळे गेल्यावर भिवा स्वयंपाकाच्या जागेवरून आला आणि म्हणाला, मोजलंय, बावीस. एका पाहुण्याने विचारलं, परत बोलावता येतील का, कॅमेरा आत राहिला.

मसुऱ्याकडच्या खाडीत पाणमांजरांचं कुटुंब पाहिलं. आमच्याकडे त्यांना हूद म्हणतात. भरती उतरत होती. आईने मासा धरून आणला, कांदळवनाच्या मुळावर ठेवला आणि तीन पिल्लांना तो खायला शिकवत बसली. त्यातलं एक पिल्लू दर वेळी मासा पाण्यात टाकून देई आणि आई दर वेळी बुडी मारून तो परत आणी. आठ वेळा. माझ्या वर्गातल्या कुणासाठीही मी आठ वेळा बुडी मारलेली नाही. पाऊण तास आम्ही दहा माणसं चिखलात उभी होतो आणि कुणालाही पाय दुखल्याचं कळलं नाही.

आता ती गोष्ट.

शिमग्याच्या आठवड्यातलं शिबिर होतं. आठ पाहुणे. त्यांत पुण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, अस्वल साधारण किती वाजता येतं? मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सर्वांसमक्ष सांगितलं, की दोन दिवसांत एकही अस्वल दाखवण्यात आलेलं नाही आणि याचं कारण उघड आहे: तुमचा माणूस बेंडबाजा वाजवत पुढे चालतो. सगळे हसले. मीही हसलो. खरं म्हणजे मला ते लागलं. शाळेत माझ्या शब्दावर कुणी प्रश्न करत नसे, आणि इथे माझ्या शिबिरात माझी फजिती झाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीनंतर निघताना, मी भिवाला घुंगरं काढायला सांगितलं.

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग माझ्याजवळ येऊन, पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "मास्तरांनू, घुंगरां आपल्यासाठी नायत. ती तेच्यासाठी. आपण येतंव ता तेका आधी कळाक व्हया. तेचा काम चलला की तेका दुसरा काय आयकाक येणा नाय."

मी मात्र सर्वांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "भिवा, अकरा वर्षं तुझ्या पद्धतीने चाललो. आज शास्त्राच्या पद्धतीने चालू."

बँकवाल्या गृहस्थांनी टाळी वाजवली. भिवाने खाली बसून कोयतीने सुतळी कापली, घुंगरं फडक्यात गुंडाळली आणि फडकं कमरेला खोचलं. काठी मुकी झाली.

आम्ही कोरड्या वहाळातून, ओढ्याच्या पात्रातून, वर निघालो. दोन्ही बाजूंना उंच दरड, मध्ये गोटे आणि ऐनाची वाळलेली पानं. वारा समोरून येत होता, म्हणजे आमचा वास पुढे जात नव्हता. मी सगळ्यांना पाय अलगद ठेवायला लावलं होतं. पंधरा-वीस मिनिटं चाललो असू, आणि तो आवाज आला. भुरका. मग फुंकर. मग भुरका.

भिवा थांबला. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि हात आडवा केला: मागे. याचा अर्थ मला समजला होता. मी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला पुढे जाण्याची खूण केली. तो हलला नाही. तेव्हा मीच त्याच्या बाजूने दोन पावलं पुढे गेलो आणि वळणापलीकडे डोकावलो.

बारा पावलांवर ती होती. रोयणीत खांद्यापर्यंत गेलेली, धुळीने माखलेली, काळी, केस विस्कटलेले. आणि तिच्या पाठीवर, त्या लांब केसांना धरून, दोन पिल्लं बसलेली. एक पेंगत होतं. दुसरं सरळ माझ्याकडे बघत होतं.

आज बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी स्वतःला बरंच काही ऐकवलं आहे, पण एक गोष्ट लपवता येत नाही. त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला वाटलं, माझं आयुष्य एवढ्यासाठीच होतं. सकाळचं ऊन दरडीवरून तिरपं येत होतं आणि तिने उडवलेली धूळ त्यात सोन्यासारखी तरंगत होती. मला आणखी बघायचं होतं. मी अर्धं पाऊल पुढे टाकलं आणि माझ्या पायाखाली ऐनाचं पान मोडलं.

ती मागच्या पायांवर उभी राहिली. छातीवरचा तो पांढरा चंद्र मला दिसला. पांढुरकं मुस्कट, लोंबते ओठ, आणि डोळे एवढेसे, ज्यांना आम्ही नीट दिसतही नसू. पिल्लं घसरून खाली पडली. तिने एक आवाज काढला, त्याला मी अजून शब्द शोधतो आहे. मग ती आली.

मी वळलो आणि पळालो.

हे वाक्य मी आजवर कधीच लिहिलं नव्हतं. मी पळालो, समोर पाहुणे होते, त्यांतल्या दोघांना ढकलून पळालो, मला पळताना बघून ते पळाले. वहाळाच्या खालच्या वळणावर एका मोठ्या दगडावर चढून मी मागे पाहिलं, तेव्हा सगळं संपलं होतं. अस्वलाचा हल्ला काही क्षणांचाच असतो. ती दरडीवर चढत होती, आणि ती दोन पिल्लं तिच्या पाठीवर परत चढण्यासाठी तिच्यामागे धडपडत होती. त्या स्थितीतही ती त्यांच्यासाठी थांबली. मग झाडीत गेली.

भिवा जिथे उभा होता तिथेच बसलेला होता. काठी मोडून पडली होती. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू मी इथे वर्णन करणार नाही. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्याने विचारलं, सगळे आसत मां? मी हो म्हटलं. एका बाईंनी ओढणी सोडून बांधली. त्याला उचलायला गेलो तर त्याने नको म्हटलं आणि तो स्वतःच्या पायांनी वहाळ उतरला.

तालुक्याच्या गावाहून त्याला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डावा डोळा गेला. तिसऱ्या दिवशी मी संस्थेला आणि वनखात्याला द्यायचा अहवाल लिहून तिथे गेलो. अहवाल सुंदर होता. माझं मराठी पहिल्यापासून चांगलं. त्यात एक वाक्य होतं: ‘वाटाड्या भिवा याने शिबिरप्रमुखांच्या सूचनेकडे दुर्लक्ष करून गट सोडून पुढे धाव घेतली, त्यामुळे मादी अस्वल बिथरले, शिबिरप्रमुखांनी प्रसंगावधान राखून पाहुण्यांना सुरक्षित स्थळी हलवले.’ खाली त्याची सही हवी होती. भिवाला सही येत होती, पण दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्याने विचारलं, काय लिवलास? मी म्हटलं, झालं ते लिहिलंय. त्याने हात पुढे केला. मी त्याच्या अंगठ्याला शाई लावली.

का केलं, याचं मोठं कारण नाही. चौकशी झाली असती, शिबिरं बंद झाली असती, शाळेत बोलणी बसली असती. आणि पाहुण्यांपैकी कुणी काही बोललं नाही, कारण तेही पळाले होते.

त्यानंतर संस्थेने भिवाला बोलावलं नाही. वनखात्यात त्याला रोजंदारीवर पहाऱ्याचं काम मिळायचं चाललं होतं, तेही अहवालानंतर राहिलं. गावातही लोक म्हणायला लागले, अस्वलाच्या अंगावर धावून गेला, शहाणपणा करायला गेला. तो काजूची कलमं बांधत राहिला. माझ्याविषयी त्याने कुणाला काही सांगितल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मी मात्र सांगत राहिलो. पुढची बारा वर्षं प्रत्येक शिबिरात, नंतर व्याख्यानांत, मंडळांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत. दर वेळी गोष्ट थोडी खुलत गेली. ‘भिवा पुढे, अस्वल मागे’ या वाक्याला हमखास हशा यायचा. कधी कधी मी नक्कलही करून दाखवायचो.

चर्चमध्ये मी हे एकदा कबूल केलं होतं. म्हाताऱ्या फादरनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तो माणूस जिवंत आहे का? मी हो म्हटलं. मग माझ्याकडे कशाला आलास, म्हणाले. मी त्यानंतर कबुलीच्या त्या पेटीत त्या विषयावर बोललो नाही.

यंदा पावसाळा सुरू व्हायच्या आधी एक मुलगी आमच्या दारात स्कूटी लावून उभी राहिली. अंगात खाकी. तिने नाव सांगितलं, सुगंधा. नुकतीच वनरक्षक झाली होती. मग म्हणाली, भिवाची मुलगी. त्या शिमग्याला ती सहा वर्षांची होती. लूसीने तिला आत बसवलं, चहा टाकला. तिने पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर ठेवला. छायाप्रतीची छायाप्रत, पण अक्षर माझंच.

"आम्हाला प्रशिक्षणात हे उदाहरण शिकवलं, सर," ती म्हणाली. शांतपणे, कचेरीतल्या मराठीत. "वाटाड्याने काय करू नये, याचं. नाव काळं केलं होतं. पण वहाळ, डावा डोळा... मी वर्गात बसून ओळखलं. सगळे हसत होते. बाबांना विचारलं तर म्हणतात, झाली असात माझी चूक."

मी कागद हातात घेतला.

"मी चार वेळा वाचलं," ती म्हणाली, आणि इथे तिची भाषा बदलली. "माझो बापूस घुंगुरकाठयेशिवाय परसाकडेय जाणा नाय. ह्येच्यात काठी खंय आसा?"

लूसी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिलाही मी हे कधी सांगितलेलं नव्हतं. मी दोघींसमोर सगळं सांगितलं. सुगंधाने चहा घेतला नाही. उठताना एवढंच म्हणाली, की तिला काही नको, बाबांना सांगा.

हा मजकूर मी त्यानंतर लिहिला आणि कच्चा खर्डा घेऊन भिवाकडे गेलो. बावीस वर्षांत प्रथमच. तो अंगणात कलमांच्या पिशव्यांत माती भरत होता. मी आल्याचं त्याला नवल वाटलं नाही. या, बसा म्हणाला. सुगंधा घरीच होती. तिने वाचून दाखवते म्हटलं, तर त्याने नको म्हणून चष्मा मागवला. एका डोळ्याने, कागद तिरपा धरून, त्याने अख्खं वाचलं. बराच वेळ लागला. मी खुर्चीच्या कडेवर बसून त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो.

अस्वलीण उभी राहते त्या भागाशी तो थांबला, तो परत वाचला, आणि म्हणाला, चंद्र बरोबर लिवलास, तशीच होती ती. काही वेळ आम्ही दोघे तिच्याविषयी बोललो. पिल्लांविषयी. ती त्यांच्यासाठी थांबली, हे त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा त्याला दिसत नव्हतं. मी ते परत सांगितलं. त्याने मान हलवली आणि समोरच्या डोंगराकडे बघितलं.

खर्ड्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘भिवा वाघासारखा तिला सामोरा उभा राहिला आणि त्याने आम्हा सर्वांचे प्राण वाचवले.’ त्याने सुगंधाकडून पेन घेतलं आणि त्यावर रेघ मारली. म्हणाला, "ह्या काढा. माझे पाय हालत नाय होते. पण मी धावाक नाय, ता लिवा. आणि तिचो काय दोष नाय, ताय लिवा."

तसं लिहिलं आहे. तो धावला नाही. तिचा काही दोष नव्हता.

शेवटच्या पानाखाली त्याने सही केली, पूर्ण नावाची, एकेक अक्षर सुटं. मी उभा राहिलो. माफी कशी मागायची हे मी घरून ठरवून गेलो होतो, वाक्यं तयार होती. पहिलंच वाक्य अर्धं झालं असेल, तेवढ्यात त्याने हात आडवा केला.

"माफीचा मगे बघूया, मास्तरांनू," तो म्हणाला. "पयला ह्या छापान येवंदे."